खडीअण्णांनी केलेला रस्ता

खडीअण्णा कुणाच्याही मळ्यावर पहिल्यांदा आले की फाटकातच चपला काढत. मग घरमालकाकडे न बघता फाटकापासून घराच्या पायरीपर्यंत अनवाणी चालत जात, तसेच परत येत, आणि तेव्हा कुठे नमस्कार करत. "डोळ्याला सगळी जमीन सारखीच दिसते," ते म्हणत. "मऊ कुठं आन् कडक कुठं, ते तळव्याला विचारायचं."

साठ सालाच्या आसपास बेंगळुरातले निवृत्त लोक होसकोट्याच्या वाटेवर पेरूच्या, द्राक्षांच्या बागा घेऊन घरं बांधू लागले होते. मोठ्या रस्त्यापासून त्या घरांपर्यंत खडीचे रस्ते करायचे आणि बिघडले की दुरुस्त करायचे, हे अण्णांचं काम. आमच्यासारखंच त्यांचंही घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे येऊन राहिलेलं. घरात मराठी, गड्यांशी कन्नड, आणि राग आला की दोन्ही एकदम.

माझे वडील, अप्पा, कचेरीतून निवृत्त झाल्यावर आईला घेऊन तिकडेच राहायला गेले. मी बसवनगुडीत शाळेत शिकवत असे आणि दर शनिवारी बसने मळ्यावर जात असे. अण्णांची गाठ पडण्याआधी अप्पांनी स्वतःच्या हुशारीने तांबड्या मातीवर दोन गाड्या खडी ओतून घेतली होती. पावसाळ्यात मातीने ती गिळली आणि आमची जुनी मोटार फाटकातच रुतून बसली. अण्णांनी वाकून मूठभर चिखल उचलला. "रावसाहेब, खडीला खालून धरायला कुणी पाहिजे की नको? माणूससुद्धा नुसता चिखलात उभा राहत नाही."

त्यांनी सगळा रस्ता उकरला. तळाला मोठे दगड बसवले, वर मुरूम टाकून, पाणी मारून धुम्मसाने ठोकला, आणि मग बारीक खडी पसरली. अप्पांना रस्ता फाटकापासून सरळ हवा होता, अण्णांनी तो फणसाच्या झाडाला वळसा घालून नेला. अप्पा भडकले. "मी नकाशा काढून दिला होता!"

"सरी, बरोबर आहे, नकाशा चांगलाय," अण्णा शांतपणे म्हणाले. "पण पाण्यानं तो बघितलेला नाही. सरळ केलात तर ते तुमच्याआधी घरात शिरेल."

पुढच्या पावसात पाणी निमूटपणे फणसामागच्या चरात उतरलं. अप्पांनी ते व्हरांड्यातून पाहिलं, पण अण्णा बरोबर होते असं ते कधी बोलले नाहीत. अण्णांनीही ते कधी विचारलं नाही. मात्र नवं गिऱ्हाईक आलं की त्याला घेऊन ते हमखास आमच्याकडे येत आणि आपला रस्ता दाखवत. चाक फिरलं की खडीचा एकसारखा, करकरीत आवाज यायचा. तो ऐकताना अण्णांची मान किंचित हलायची.

एकदा अप्पांचे जुने साहेब सपत्नीक जेवायला आले. त्यांनी मोटार भरधाव आणून पायरीपाशी गर्रकन वळवली. खडी दोन्हीकडे उडाली, मधे चार बोटं खोल चाकोऱ्या पडल्या. अण्णा त्या दिवशी चर साफ करायला आलेले. ते दाताळं घेऊन पुढे झाले आणि त्यांनी ते अदबीने साहेबांच्या हातात दिलं. "स्वल्प सारखं करून ठेवा. मग पानं घेतील." अप्पा दाताळं काढून घ्यायला धावले. पण साहेबांच्या बाईंना हसू आवरेना, आणि साहेबांनी खरोखरच कोट काढून खडी ओढली. अण्णा शेजारी उभे राहून सांगत होते, "त्या बाजूला अजून."

मग अप्पांना अर्धांगाचा झटका आला. डावा पाय ओढला जाऊ लागला. डॉक्टर म्हणाले, रोज चालायलाच हवं, नाहीतर पाय कायमचा जाईल. पण घरापुढे सगळी खडीच. काठी तिच्यात रुतायची, पाऊल सरकायचं. चौथ्या दिवशी अप्पा पडले. त्यानंतर त्यांनी खुर्ची सोडली नाही. आईने विनवलं, मी रागावले.

अण्णांना कुणी कळवलं कोण जाणे. सोमवारी सकाळी ते दोन गडी घेऊन हजर झाले. मी शाळेतून रजा काढून तिथेच होते. त्यांनी पायरीपासून फाटकापर्यंत रस्त्याच्या एका बाजूची खडी उचलायला लावली, अडीच हात रुंद. तिथे चाळलेला मुरूम टाकला, पाणी मारलं, आणि तीन दिवस स्वतः ठोकला. त्यांच्या सगळ्यात देखण्या रस्त्याला आता एक बोडकी पट्टी पडली होती.

अप्पा खुर्चीतून म्हणाले, "अण्णा, चांगला रस्ता मोडलात तुम्ही."

"चालणाराच बसून राहिला, तर चांगला कुणासाठी ठेवायचा?" अण्णा म्हणाले. "उठा, रावसाहेब. पायरीपर्यंत."

अप्पा त्या दिवशी पायरीपर्यंत गेले. अण्णा मग दर रविवारी येऊ लागले. पट्टी तपासायला आलो, असं सांगायचे. अप्पा पट्टीवरून आणि ते शेजारी खडीवरून, असे दोघे चालत आणि सारखे भांडत. द्राक्षाला शेणखत किती, कॉफीत चिकोरी असावी की नसावी, रस्ता सरळ झाला असता की नाही. भांडणाच्या भरात अप्पा किती पुढे आले ते त्यांना कळत नसे. महिन्याभरात ते फणसापर्यंत गेले. दिवाळीला फाटकाच्या खांबाला हात लावून आले आणि आईने त्या दिवशी होळिगे, म्हणजे इकडच्या पुरणपोळ्या, केले.

दोनेक वर्षांनी अण्णांचे गुडघे धरले. म्हैसूरला लेक होती, ती त्यांना न्यायला आली. निरोप घ्यायला ते आले तेव्हा अप्पा काठी टेकत त्यांना पोचवायला बसपर्यंत गेले. बस सुटेपर्यंत दोघे चिकोरीवरूनच वाद घालत होते.

परतताना अप्पा फणसापाशी थांबले. मग म्हणाले, "आता रविवारी कोण येणार?"

"मी आहे की," मी म्हटलं.

"तू आहेस गं. पण तू भांडत नाहीस."

पुढच्या रविवारी मी त्यांच्या शेजारी चालायला लागले आणि म्हटलं, "अप्पा, मला विचाराल तर रस्ता सरळच हवा होता." ते थबकले, माझ्याकडे वळून बघितलं, आणि तावातावाने म्हणाले, "तुला काय कळतंय त्यातलं? पाणी घरात शिरलं असतं!" आणि मला मागे टाकून चालू लागले.