मेढीच्या खड्ड्यात आमचा ओंडका

पुनावळ्यात भर वैशाखात आमच्या हातून जो घोळ झाला, तो आठवला की आजही एकट्याला हसू येतं... गोष्ट सत्तरच्या दशकातली. तेव्हा तिथे सोसायट्या नव्हत्या, भाताची खाचरं होती आणि मी हाय टेन्शन लाइनवर नवाकोरा ज्युनियर इंजिनियर होतो.

आदल्या संध्याकाळी वादळ झालं आणि शिवारातला एक टॉवर कमरेतून मोडून पडला. पिंपरीकडच्या कितीतरी कंपन्या बंद. नवा टॉवर उभा राहायला महिना तरी लागणार, म्हणून तोवर तारा उचलून धरायला दोन उंच खांब तात्पुरते उभे करायचं ठरलं.

असा खांब स्वतःच्या पायावर उभा राहत नाही. त्याला चारी बाजूंनी जाड तारांनी ओढून धरायचं... आम्ही त्याला ताण म्हणतो. ताणाचं खालचं टोक खोल पुरलेल्या आडव्या ओंडक्याला बांधलेलं असतं, आणि ओंडका हलला की खांब गेलाच.

त्यामुळे आमच्या गँगचा एक शिरस्ता होता. खड्डा हातभर उकरला की थांबायचं, हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा आणि मगच पुढे खणायचं. या बाबतीत आमचे शेलार मुकादम कोणाचंही ऐकत नसत.

सकाळी एक गँग खड्डे आखून सुरुवात करायला पुढे गेली होती. आम्ही मागून पोचलो. चौथा खड्डा ज्ञानोबाअण्णा नावाच्या शेतकऱ्याच्या अंगणाच्या कडेला येत होता... आणि तिथे हातभर उकरलेला खड्डा तयार. वर हळदकुंकू, सुपारी, दोन झेंडूची फुलं.

"साहेब, सकाळच्या गँगनं पूजासुद्धा उरकलीय," मुकादम खूश होऊन म्हणाले. मीही खूश. म्हटलं, लागा कामाला.

घरात फक्त दोघी होत्या, अण्णांची बहीण आणि मुलगी सुमन. बहिणीला सगळे आत्या म्हणायचे. त्यांनी न विचारताच आम्हाला चहा पाठवला... आम्हाला वाटलं, काय मायाळू माणसं आहेत. आत्यांना वाटलं होतं, खणायला भावकीतली माणसं आलीत.

तास-दीड तासात ओंडका पुरुषभर खोल गेला, माती ठोकून बसवली, खांब उभा करून ताण आवळला. मी घाम पुसतोय तोच सनई-ताशाचा आवाज आला.

बघतो तर वीस-पंचवीस माणसं वाजतगाजत येतायत आणि पुढच्याच्या खांद्यावर आंब्याचे डहाळे बांधलेला खांब. मुहूर्तमेढ... तो खड्डा आमचा नव्हताच. सुमनच्या लग्नाच्या मांडवाचा होता. पूजा करून मंडळी मारुतीच्या देवळात मेढ आणायला गेली होती.

अण्णांनी खांद्यावरची मेढ खाली ठेवली आणि आमची ठोकलेली माती पायाने दाबून पाहिली. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शेजारी दुसरा खड्डा खणू का, असं मी विचारलं. पण पूजेचा खड्डा बदलत नाहीत, आणि मुहूर्त संपायला थोडाच वेळ उरलेला... त्यात कोणीतरी माझ्या कानात सांगितलं की सुमनचं आधीचं ठरलेलं लग्न असंच अपशकुनावरून मोडलं होतं. आणि आज नेमके नवऱ्या मुलाचे मामा हजर होते.

ओंडका काढावा तर खांब आडवा होणार. ठेवावा तर एका मुलीचं लग्न मोडणार. 

तेवढ्यात आत्या पुढे आल्या. आमच्या आवळलेल्या ताणाकडे त्यांनी नीट पाहिलं. "खड्डा आपला, पूजा आपली. मुहूर्तावर लाकूड पुरलं का न्हाई? पुरलं. आन असं पुरलंय, चार बैलं जुपली तरी निघायचं न्हाई. पोरीच्या संसाराला आनखी काय पायजे?"

सगळ्यांच्या नजरा मामांकडे. मामांनी दोन्ही हातांनी ताण धरून हलवून पाहिला... अजिबात हलेना. मग मिशीत हसले आणि म्हणाले, "अण्णा, ह्यापरीस घट मेढ म्या तरी बघितली न्हाई राव."

अण्णांनी डहाळ्यांची मेढ आमच्याच मातीत, ओंडक्याच्या डोक्यावर रोवली. मांडव मात्र तारांखाली नको म्हणून मी हट्टाने घराच्या पलीकडच्या बाजूला घालायला लावला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लाइन चालू झाली आणि चौथ्या दिवशी लग्न. आख्खी गँग पंगतीला होती, शेलार मुकादमांनी जिलेबी मोजायचं सोडून दिलं होतं.

पण मला काही जेवण जाईना. पाठवणीच्या वेळी सुमन सगळ्यांच्या पाया पडत माझ्यापर्यंत आली, तेव्हा मी कसाबसा म्हणालो, ताई, माझ्यामुळे तुमचं लग्न मोडता मोडता राहिलं... माफ करा.

ती हळूच म्हणाली, "दादा, मी खिडकीतून बघत होते. खड्डा चुकला ते पहिल्या कुदळीलाच कळलं होतं मला."

मी विचारलं, मग हाक का नाही मारलीत?

"एकदा मोडलंय ना शकुनावरून. म्हटलं, हेही तसंच मोडणारं असलं, तर हळद लागायच्या आधी कळलेलं बरं."

एवढं बोलून ती नवऱ्याच्या पाठोपाठ बैलगाडीत जाऊन बसली. मी चार दिवस जिच्यासाठी जीव मुठीत धरून होतो, ती आमचं काम शांतपणे बघत उभी होती... तिच्या आत्यांचे तर माझ्यावर मोठे उपकार आहेत. पण त्या मुलीएवढं धैर्य पुढे कुठल्याही टॉवरवर चढताना मला जमलं नाही.