माझ्या सत्काराचा मांडव

देशातल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा एक सीझन खेळून मी जळगावला परतले, तेव्हा स्टेशनवर ढोल होता, उघडी जीप होती आणि चौकात माझा फ्लेक्स लागला होता. आमचा संघ शेवटून दुसरा आला होता. मी स्वतः निम्मे सामने बाकावर बसून काढले होते. फ्लेक्सवर मात्र मी ‘खान्देशची सुवर्णकन्या’ होते आणि माझ्या हातात कुणीतरी चिकटवलेला चेंडू व्हॉलीबॉलचा होता. इथपर्यंत मी हसत होते.

मग जीप आमच्या मैदानाकडे वळली आणि मला मांडव दिसला.

आमचं मैदान म्हणजे सिमेंटचा कोबा आणि दोन्ही टोकांना पाइपवर उभे केलेले बोर्ड. मुलींना रोज खेळता येईल असं पूर्ण मापाचं मैदान आमच्या भागात हे एवढंच. लग्न असो, गरबा असो, कुणाचा वाढदिवस असो, मांडववाला यायचा, पहारीनं कोब्यात भोकं पाडायचा, खुंटे ठोकायचा आणि काम झालं की भोकं आमच्यासाठी ठेवून जायचा. माझी एक मैत्रीण तसल्याच एका भोकात पाय मुरगळून कायमची घरी बसली. सीझनला निघण्याआधी मी, आमचे प्रशिक्षक सर आणि सगळ्या मुलींनी मिळून ती भोकं बुजवली होती. ठिबकच्या नळीचा तुकडा खिळ्याला बांधून सरांनी तीन गुणांची कमान आखली आणि आम्ही त्यावर पांढरा ऑइल पेंट दिला. त्याच आठवड्यात आमच्या भागातले पुढारी, ज्यांना सगळेच भाऊ म्हणतात, मला शुभेच्छा द्यायला घरी आले.

"काय पाहिजे ते माग," ते म्हणाले.

"भाऊ, मैदानावर मांडव घालू देऊ नका."

"दिला शब्द." फोटोही काढून घेतला.

लीगमध्ये सगळी लाकडी फरशी. तिथले बूट घालून बाहेर पाऊल टाकलं तरी ओरडा बसायचा. खेळताना कुणी पडलं की फरशीवरचा घाम पुसायला एक माणूस फडकं घेऊन धावायचा आणि तोवर खेळ थांबायचा. कॅमेरे, दिवे, गाणी, या कशाचं मला काही वाटलं नाही. हेवा वाटला तो त्या फडक्याचा. बाकावर बसून मी त्या पुसणाऱ्याकडेच बघत राहायचे. एकदा तर आमच्या प्रशिक्षक बाई त्यावरून खेकसल्या माझ्यावर.

आणि इथे माझ्याच कौतुकासाठी आम्ही रंगवलेल्या त्या कमानीवर ओळीनं खांब रोवले होते. तेही कधी, तर येत्या रविवारी या मैदानावर राज्याच्या संघासाठी निवड चाचणी असताना. जवळच्याच असोदा गावची एक मुलगी आमच्याकडे खेळते. डावखुरी, उंच. तिच्या वयात मी होते त्यापेक्षा ती कितीतरी पुढे आहे. तिचे वडील तिला जळगावच्या पलीकडे पाठवत नाहीत, म्हणून सरांनी हातापाया पडून ही चाचणी जळगावला मागून घेतली होती.

स्टेजवर भाऊ शाल घेऊन पुढे आले. मी हळूच म्हटलं, "भाऊ, तुम्ही शब्द दिला होता."

"अगं, तो दुसऱ्यांच्या मांडवाबद्दल. हा तर तुझाच मांडव!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सरळ माइक ओढला आणि म्हणाले, "शाल नको मला. ही भोकं कोण बुजवणार ते सांगा." समोरचे लोक एकमेकांकडे बघायला लागले. भाऊंनी हसत माइक परत घेतला. "लांबून आलीये पोरगी, थकलीये," ते म्हणाले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. हो, टाळ्या!

चाचणी घेणारे अधिकारी पाहुणे म्हणून माझ्या शेजारीच बसले होते. स्टेजवरून उतरताना त्यांनी बुटाच्या टोकानं एक खुंटा चाचपला आणि सरांना म्हणाले, "इथे कुणाचा पाय मोडायचा. चाचणी धुळ्याला घ्यावी लागेल." सत्काराचा हार अजून माझ्या गळ्यात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी असोद्याहून त्या मुलीचे वडील मोटरसायकलवर आले. ती मागे बसली होती.

"जयगावपर्यंत ठीक आहे ताई. धुयाले नाही धाडत मी पोरीले."

"मी स्वतः नेते. दिवस मावळायच्या आत घरी आणून सोडते."

"तुमी आता मोठ्या झाल्या. तुमाले कोन काय बोलीन? लोक बोलतीन ते आमाले."

मी त्यांच्यावरही चिडले, पण तो राग टिकला नाही. ते निदान समोर येऊन सांगत होते. ज्यांनी चाचणी तिच्या दारातून हलवली, त्यांच्यातलं कुणी फिरकलंही नव्हतं. मुलीनं चेंडू घेतला, दोनदा आपटला, आणि तिसऱ्यांदा तो भोकाच्या कडेवर पडून भलतीकडेच गेला.

सरांनी सिमेंट कालवायला घेतलं. मांडववाला टेम्पोत सामान भरत होता. तो अगदी काळजीनं म्हणाला, "ताई, ती भोकं राहू द्या. पुढच्या महिन्यात भाऊंचा वाढदिवस आहे. पुन्हा पाडायचा त्रास कशाला?"

मी टेम्पोतून माझ्या सत्काराची लाल मखमली खुर्ची खाली ओढली, मैदानाच्या मधोमध ठेवली आणि तिच्यात बसले.

"ताई, खुर्ची द्या ना."

"सिमेंट वाळल्यावर."

"अहो, दोन दिवस लागतील!"

"मग दोन दिवसांनी ये."

रविवारी धुळ्याला चाचणी झाली. त्या वेळी असोद्याची मुलगी आमच्या मैदानावर, कमानीच्या बाहेर उभी राहून चेंडू टाकत होती, आणि एकामागून एक जाळीत जात होते. बघायला सर होते, मी होते आणि खुर्ची न्यायला आलेला मांडववाला होता. तो बराच वेळ उभा राहिला.

"काय खेळते हो पोरगी," तो म्हणाला, आणि खुर्ची टेम्पोत टाकून निघून गेला.