दोन्ही बाजूंनी घासलेलं हेड

जळकोटहून अण्णा गेल्याची तार आली, तेव्हा शेजारच्या बाई म्हणाल्या, "मरणाबरोबर सगळी वैरं संपतात." माझं संपलेलं नव्हतं...

अण्णा माझा थोरला भाऊ. निजामाच्या राज्यात जळकोटच्या सडकेवर मोटारी दुरुस्त करायचा. इंजिनाचं अल्युमिनियम साफ करावं तर त्यानंच. लोखंड सोड्यात उकळलं तरी चालतं, अल्युमिनियम मात्र काळं पडतं. म्हणून तो ते रॉकेलनं धुवायचा, काजळी लाकडाच्या पट्टीनं खरवडायचा, मग चिंचेचं पाणी आणि राख. "ह्याला बायकोवानी जपावं लागतं," म्हणायचा, नि वहिनी नाक मुरडायची.

एकदा तिथल्या अमीनाची, म्हणजे फौजदाराची, मोटार आली. काम झाल्यावर इंजिनावर तेलाचा एक ओघळ राहिला. दारात आमचे आप्पा, म्हणजे वडील, बसलेले. अमीनानं भर सडकेवर त्यांना डोईचा पटका उतरवायला लावला आणि त्याच पटक्यानं इंजिन पुसायला लावलं. आप्पांनी पुसलं. त्यानंतर त्यांनी डोईला काही बांधलं नाही, आणि तो उन्हाळा सरायच्या आत ते गेले.

पुढं राज्य डळमळलं. अमीनाला बाडबिस्तरा घेऊन हैद्राबाद गाठायचं होतं आणि तिथं मिरवायचंही होतं! आसपास दुसरा कारागीर नव्हता. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, त्यानं अण्णाकडून खोलून घेतलं. "दोनों बाजू आईने जैसा चमकना," म्हणाला; म्हणजे आरशासारख्या लखलखीत. जी बाजू इंजिनावर घट्ट बसते, तिला पॉलिशपेपर लावायचा नसतो. ती जरा उंचसखल झाली की पाणी नि तेल गळतं. अण्णाला हे पक्कं ठाऊक होतं. "जी हुजूर," म्हणाला आणि दोन्ही बाजू घासत बसला.

दुसऱ्या दिवशी गावाबाहेर मोटार उकळली. अमीन भर उन्हात पायी परत आला. अण्णा मोटारीपाशी गेला, वाफ बघितली, म्हणाला, "लई तेल सांडलंय, साहेब. पुसल्याबगर हात घालता येत न्हाय. अन् फडकं न्हाय माझ्याजवळ." अमीनानं भोवतालच्या माणसांकडं पाहिलं. कुणी उपरणंसुद्धा पुढं केलं नाही. शेवटी त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि पुसायला लागला... मी बघायला धावत गेले होते. मला आनंद झाला. अजून होतो, लाज कसली?

शेवटच्या भेटीत मी विचारलं, "अण्णा, फिटलं का रं?"

"न्हाय. आप्पानं बघायला पायजे होतं."

"म्या बघितलं की."

"म्हणून तर तू अजून धुमसतीस."

खरं आहे त्याचं. अमीनाची नातवंडं कुठंतरी असतील. त्यांनी हे वाचावं, म्हणून लिहिते आहे.