गळ्यातली ट्यूब

"अरे ताई, तुम करो ना! तुमपे सूट करेगा. एकदम ओरिजिनल लगोगी."

असं म्हणत तारा मॅडमनी माझ्या गळ्यात ट्यूब अडकवली. ट्रकच्या टायरमधली काळी रबरी ट्यूब, हवा भरून फुगवलेली. ऑफिसातली मंडळी हातात ग्लास घेऊन गोल उभी होती. कोणीतरी शिट्टी मारली. मी हसले. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सांगताना मी स्वतःला चांगली ठरवायला बघेन. ती ट्यूब काय आहे हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी हसले.

अंधेरीला एमआयडीसीत एका बंद कारखान्याच्या गाळ्यात हे नवीन ठिकाण उघडलंय. तिथेच व्हिस्की बनवतात आणि तिथेच पाजतात. शुक्रवारी दुपारी काम लवकर आटपून तारा मॅडमनी सगळ्या ऑफिसला तिथे नेलं. त्या आमच्या बॉस, वयाने माझ्याहून बऱ्याच लहान. मी अकाउंट्सला. आमच्याकडे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, बॉसलाही तारा म्हणतात. ताई मात्र एकटी मी, आणि चहा देणारे ते काका. मलाही 'तारा' म्हणायला जमत नाही, मॅडमच निघतं तोंडातून.

काचेपलीकडे तांब्याची भलीमोठी भट्टी होती. लख्ख, चिंचेने घासल्यासारखी. दाढीवाला एक माणूस धान्य कसं आंबवतात, वाफ कशी थंड करतात ते सांगत होता आणि सगळे 'वॉव' म्हणत होते. मला फक्त वास येत होता. आंबल्याचा. मी ओढणी नाकाला लावली. भट्टीशेजारी भिंतीवर सरकारी परवाना फ्रेम करून लावला होता, घरात लग्नाचा फोटो लावतात तसा.

बारच्या एका कोपऱ्यात त्यांनी देखावा उभा केला होता. पत्र्याची भिंत, पिवळा बल्ब, लाकडी बाकडं, खिळ्यांना टांगलेल्या ट्यूबा. वर पाटी, 'आंटी का अड्डा'. चिनी मातीच्या नाजूक वाट्यांतून उकडलेले चणे. दाढीवाल्याने सांगितलं, पूर्वी मुंबईत बायका घरात चोरून दारू विकायच्या, पोलिसांना चुकवून अशा ट्यूबांत भरून आणायच्या. जो कोणी अशा आंटीची सगळ्यात भारी नक्कल करून दाखवेल त्याला एक बाटली बक्षीस. पूर्वी, म्हणाला तो. पूर्वी म्हणजे मी सहावीत होते तेव्हा.

माझी आई दारू विकायची. विक्रोळीला, चाळीतल्या आमच्या खोलीत.

बाबांची गिरणी बंद पडली आणि बाबा खाटेला लागले. आजारी नव्हते, नुसते खाटेला लागले. आम्ही मालवणकडची माणसं. इथे ना जमीन, ना नातलग. खाडीच्या बाजूला तिवरांच्या झाडीत हातभट्ट्या लागायच्या. आई पहाटे तिकडे जायची आणि साडीच्या आत पोटाला ट्यूब बांधून परत यायची. दिवस गेल्यासारखी दिसायची. चाळीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मी आणि माझा भाऊ त्या पैशांवर शिकलो, दुसरं काही नव्हतंच.

एकदा धाड पडली. हवालदाराने ट्यूब चिरली, दारू गटारात ओतली आणि ती चिरलेली ट्यूब आईच्या गळ्यात घातली. तशीच तिला चौकीपर्यंत चालवत नेली. भर दुपारी, अख्ख्या चाळीसमोरून. मी शाळेच्या गणवेशात नळापाशी उभी होते. आई माझ्या अगदी जवळून गेली. तिने माझ्याकडे बघितलं नाही. मीही बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात पोरांनी दप्तराचा पट्टा गळ्यात घालून मिरवणूक काढली. बाई आधी हसल्या आणि मग म्हणाल्या, "पुरे आता."

तेव्हापासून सांगायला आमच्या आईची खानावळ होती. सासरी खानावळ, ऑफिसात खानावळ, माझ्या मुलीलाही तेच सांगितलंय.

तर बारच्या त्या कोपऱ्यात माझ्या आधी दोघातिघांनी आंटी करून दाखवली. कमरेवर हात, तोंडात पान असल्यासारखं बोलणं. कोणालाच जमेना. मग मॅडमनी मला पुढे ढकललं. वाटलं, दोन शब्द बोलावे आणि सुटावं. तोंड उघडलं आणि आई बाहेर आली.

"ए, बस खाली. आवाज नाय करायचा. पी आणि गप घरी जा. बायकोला हात लावलास तर उद्या इकडं पाय नाय ठेवायचा, सांगून ठेवते!"

हुबेहूब आली. तीच खरखर, तोच शेवटचा हेल. मी कधी सराव केला नव्हता. लोक हसून हसून वाकले. बायकोच्या वाक्याला तर सगळ्यात जास्त हसले. टाळ्या पडल्या. खोटं कशाला सांगू, क्षणभर मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत त्या ऑफिसात माझ्यासाठी कोणी टाळी वाजवली नव्हती.

"ताई, वन्स मोअर! व्हिडिओ चालू नव्हता, यार. परत बोला ना, ते बायकोवालं!"

कोणीतरी फोन माझ्यासमोर धरला होता. त्यांना आई परत हवी होती. मी ट्यूब काढायला गेले तर तिचा व्हॉल्व्ह अंबाड्यात अडकला. ओढून काढली, केस सुटले. त्यालाही सगळे हसले.

"नाही," मी म्हटलं.

"का? क्या हुआ?" मॅडमनी विचारलं.

"ती माझी आई आहे."

"कौन?"

"ही. तुमची आंटी. माझी आई दारू विकायची. तिला पकडून नेली होती."

हातातले ग्लास खाली आले. वर गाणं चालूच होतं. मग तारा मॅडमनी छातीवर हात ठेवला. डोळ्यांत पाणीबिणी आलं.

"ओ माय गॉड. ताई. धिस इज सो पॉवरफुल. महिला दिनाला तुम्ही बोला ना! मम्मी को भी लाओ. इधरही इव्हेंट करेंगे, इसी कॉर्नर में."

आणि मी काय म्हटलं? "बघू."

बघू! लाचार माणसाचा शब्द. मॅडमच्या हातात माझी नोकरी, मुलीच्या कॉलेजचं शेवटचं वर्ष, हे सगळं त्या 'बघू'त होतं. बक्षिसाची बाटलीही मुकाट्याने घेतली. घरी पोचेपर्यंत ऑफिसच्या ग्रुपवर फोटो आला होता. गळ्यात ट्यूब, आणि मी दात काढून हसतेय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हवालदाराने आईला घातली होती, मी तर स्वतः मान पुढे केली.

रविवारी विक्रोळीला गेले. आई आता भावाकडे असते. सुक्या कोळंबीचे सोडे निवडत बसली होती. बाटली समोर ठेवली. तिने बूच काढून वास घेतला. जन्मात कधी थेंब घेतला नाही तिने, पण नाक अजून तयार.

"बरी आसा. ठेव. गुडघ्यांक चोळूक होईत."

मग मी तिला सगळं सांगितलं. काचेपलीकडची भट्टी, पाटी, ट्यूब. तिचा आवाज काढला तेही. ती निवडायची थांबली.

"लोका हसली?"

"हो."

"हसतली. तेंका काय म्हायत." हातातला सोडा तिने ताटात टाकला. "मी भियाचंय गो त्या पिणाऱ्यांका. खोलयेत बापये पिऊन बसलेले, तुझो बाबा खाटयेर, तू नि तुझो भाव माळ्यार निजलेली. हळू बोललंय असतंय तर काय झाला असता? म्हणान तसा बोलायचंय."

आई घाबरायची, म्हणून तसा आवाज लावायची. माळ्यावर पडून तो आवाज मी रोज ऐकला होता. मला वाटायचं, आई अशीच आहे. रांगडी, निर्लज्ज, हलकी. मला त्या आवाजाची लाज वाटायची. आम्हाला कोणी हात लावू नये म्हणून ती घशाची सालं काढत होती, आणि मी चादर कानावर ओढून घेत होते.

"पण तू कित्याक केलंस ता?" तिने विचारलं.

मी बाटलीचं बूच घट्ट लावत बसले. तिने पुन्हा विचारलं नाही. जेवायला थांब, असंही म्हणाली नाही.

सोमवारी सकाळी मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी महिला दिनाचं पोस्टर बनवायला दिलं होतं, मला दाखवायला स्क्रीन वळवली. पत्रा, पिवळा बल्ब आणि माझाच तो फोटो.

"हे होणार नाही," मी म्हटलं. "आई येणार नाही. मी बोलणार नाही. ग्रुपवरचा फोटो आत्ता काढून टाका."

"ताई, इतना पर्सनली मत लो. आय ॲम ऑनरिंग हर."

"तिच्या गळ्यात ट्यूब घालून तिला चौकीपर्यंत चालवली होती. बघणारे हसत होते. तुम्ही तीच माझ्या गळ्यात घातलीत, आणि तुम्हीही हसलात. यात मान कुठे आहे? फोटो काढून टाका."

"आवाज खाली, प्लीज. बाहर सब सुन रहे हैं."

"ऐकू दे."

आवाज खरखरीत निघाला, शेवटी हेल घेऊन. केबिनबाहेर टायपिंग थांबलं. या खेपेला कोणीही हसलं नाही. मी खुर्चीला हात न लावता उभी राहिले. मॅडमनी फोन उचलला आणि ग्रुपवरून तो फोटो काढून टाकला. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आप अभी जा सकती हैं." त्या जाण्याचा अर्थ मला कळतो. मार्चअखेर माझ्या नोकरीचं काय होईल तेही कळतं.

त्याच संध्याकाळी मुलीला समोर बसवून सांगितलं, खानावळ नव्हती. तिने बरंच काही विचारलं. मी काही गाळलं नाही, नळापाशी मान वळवली तेही नाही. स्वतःची लाज अजून आहे. ती जाईल असं मला वाटत नाही, आणि जावी असंही नाही.

मी भित्री बाई आहे. केबिनमध्ये भ्याले होते म्हणूनच मोठ्याने बोलले. यापुढेही भ्याले की मोठ्यानेच बोलणार. कोणाला हसायचं असेल त्याने माझ्यासमोर उभं राहून हसून दाखवावं.