कूलरखालची जागा

निवृत्त झाल्यावर आमच्या ह्यांना फुलांतलं कळायला लागलं. जन्मभर फाइली या टेबलावरून त्या टेबलावर सरकवलेला माणूस दार्जिलिंगच्या सहलीला गेला, तिथे कॅमेलिया बघितला आणि कळ्यांसकट एक रोप घेऊन आला. येताना माझी बॅग बाकाखाली आणि रोप ह्यांच्या मांडीवर. ते झाड थंड डोंगरातलं, आंबट मातीचं. अकोल्यात आमची काळी चिकण, बोअरचं खारं पाणी, आणि मे महिन्यात दुपारी नळाखाली हात धरवत नाही.

"इथं जगन का हे?" मी विचारलं.

"तुले काय समजते त्यातलं," हे म्हणाले.

मग अंगणातली सगळ्यात थंड जागा शोधली ती कूलरखालची. खिडकीबाहेर स्टँडवर कूलर असतो आणि त्याच्या गळत्या पाण्यावर इकडे घरोघरी काहीतरी पोसलेलं असतं, कुठे अळू, कुठे पुदिना. आमच्याकडे मोगरा होता, सासूबाईंनी लावलेला. त्यांची नजर गेल्यापासून उन्हाळ्यात संध्याकाळी खिडकीतून वास आला की त्या हात पुढे करायच्या आणि मी ओंजळीत फुलं घालायची. बागेतलं तेवढंच त्यांच्या वाट्याला उरलं होतं.

ह्यांनी दिवाळीनंतर तो मोगरा मुळासकट खणून काढला. "मोगरा काय, गल्लोगल्ली भेटते." सासूबाईंना सांगायची हिंमत मात्र झाली नाही. आणि मी तरी काय केलं? घमेलं धरून उभी राहिले.

खड्ड्यात चिखलदऱ्याहून पोत्यांनी आणलेली माती पडली. जानेवारीत एक फूल उमललं, एकच. त्यासाठी शेजाऱ्यांना चहापोह्याला बोलावलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "गुलाबच दिसून राहिला." ह्यांचं तोंड उतरलं आणि मला फार बरं वाटलं. फूल सासूबाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते नाकाशी धरलं, बोटांनी चाचपलं आणि विचारलं, "कागदाचं हाय का?"

मार्चमध्ये कूलर सुरू झाला आणि ह्यांच्या अकलेचं पाणी झाडाला मिळू लागलं. बोअरचं पाणी कूलरमध्ये आटून आणखी खारट होतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मोगऱ्याने ते वर्षानुवर्षं निमूट सोसलं होतं. कॅमेलियाची पानं कडेने करपली, बुंध्याशी पांढरा थर चढला. मातीला आंबटपणा हवा, असं मोबाइलवर वाचून हे रोज ताक ओतायचे. मुंग्या मात्र धष्टपुष्ट झाल्या. एप्रिल संपेपर्यंत तिथे एक काडी उरली होती.

मे महिन्यात एका संध्याकाळी कूलरसमोर बसलेल्या सासूबाईंनी विचारलं, "औंदा मोगरा कावून नाही फुलला?"

हे पेपरात तोंड खुपसून म्हणाले, "उशीर हाय माय, औंदा."

दुसऱ्या दिवशी बाजारातून गजरा आणला. सासूबाईंनी हुंगला आणि बाजूला ठेवला. "हा आपला नाही."

तेव्हापासून त्या आपल्या प्यायच्या पेल्यातलं अर्धं पाणी ठेवतात. "त्याले तहान लागली असन, बाई. घाल जा." मी पेला घेऊन बाहेर जाते. त्या खिडकीशी कान देऊन बसलेल्या असतात, म्हणून त्या काडीच्या बुंध्याशी पाणी सावकाश, आवाज होईल असं ओतते.