रेवणसिद्धची जाड तार

रेवणसिद्ध पहिल्यांदा आमच्या घरी आला तो गिटार घेऊन नव्हे, पाण्याची मोटार घेऊन. मुरुममध्ये गुरुलिंग यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, तिथे तो कामाला. आमच्या हौदावरची मोटार जळाली होती, ती दुरुस्त करून त्याने आणून बसवली, चालू केली आणि डोळे मिटून दोन मिनिटं नुसता उभा राहिला. मग म्हणाला, "आक्का, ह्याचं मागचं बेअरिंग महिन्याभरात आवाज करंल. आत्ताच बदलतो." मला काहीच वेगळं ऐकू आलं नव्हतं. त्या दिवसाच्या डायरीत मी लिहिलं आहे, "नवा माणूस. कान फार चांगला."

ही २०१७ ची गोष्ट. तेव्हा तो पंचेचाळीसच्या आसपास होता. बारीक अंगाचा, बोटं मात्र जाड. दिवसा तांब्याची तार गुंडाळायची आणि लग्नसराईत, गणपतीत, नवरात्रात अमरसिंहच्या ऑर्केस्ट्रात बेस, म्हणजे खर्जाची, गिटार वाजवायची, असं त्याचं आयुष्य होतं. वडील महालिंगप्पा मठात भजनाला पखवाज वाजवत. हा आधी बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचा. मग एकदा गणपतीत बाहेरगावचा ऑर्केस्ट्रा आला, त्यात त्याने चार जाड तारांची ती लांब दांड्याची गिटार पाहिली, आणि ढोल सुटला तो सुटलाच.

"लोक गाणाऱ्याकडं बघत्यात आक्का, माझ्याकडं कोण बघतंय? बेस म्हंजे घराचं जोतं. घराला कोणी चांगलं म्हणलं तर जोत्याला म्हणत न्हाय. पण ते खचलं म्हंजे कळतंय."

२०१९ च्या जूनमध्ये त्याने हैदराबादहून एक जुनी, चांगल्या प्रतीची बेस गिटार आणली. तिच्या पेटीत इंग्रजी सूचनांचा कागद होता. तो वाचून घ्यायला तो माझ्याकडे आला. माझं शिक्षण सोलापूरच्या कॉन्व्हेंटमध्ये झालं, हे त्याला बायकोकडून, शिवकन्येकडून कळलं होतं.

कागदात लिहिलेलं मी त्याला मराठीत सांगितलं. तारांच्या खाली एक काळी पट्टी असते, तिच्यात लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं. वर गिटारीची तार हलली की तिचा आवाज पट्टी उचलते. पट्टी तारेच्या जवळ आली की आवाज मोठा, लांब गेली की लहान. दोन्ही टोकांना स्क्रू असतात. चारही तारा सारख्या आवाजात वाजाव्यात म्हणून पट्टी जाड तारेकडे थोडी जास्त खाली ठेवायची आणि बारीक तारेकडे थोडी वर. दांड्यावरच्या शेवटच्या पडद्यावर तार दाबायची आणि तार व पट्टी यांतलं अंतर मोजायचं.

"आत आमच्या मोटारीवानीच गुंडाळलंय की!" तो खूश होऊन म्हणाला. "पण हे दोन-तीन मिलिमीटर मोजायचं कशानं?"

मला विणायच्या सुया आठवल्या. सिस्टर बेनेडिक्टांनी आम्हाला पियानो शिकवला तसं विणकामही शिकवलं होतं, आणि सुयांच्या नंबरांचं माप त्यांनी पाठच करून घेतलं होतं. दहा नंबरची सुई सव्वातीन मिलिमीटर, तेरा नंबरची सव्वादोन, चौदाची बरोबर दोन. नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. मी आधी स्टीलची सुई घेतली, ती टक्कन पट्टीच्या चुंबकाला चिकटली.

"घ्या! तुमची सुई माझ्या गिटारीवर भाळली," रेवणसिद्ध म्हणाला. मग अॅल्युमिनियमच्या काढल्या.

जाड तारेखाली दहा, बारीक तारेखाली तेरा. त्याने चारही तारा एकामागून एक छेडल्या आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. "सारख्या आल्या का?" मी म्हटलं, आल्या. डायरीत नोंद केली. पुढे तारा बदलल्या की दर चार-सहा महिन्यांनी तो यायचा. करोनात कार्यक्रम बंद झाले, तेव्हापासून तर दर गुरुवारी यायचा, गिटार नसली तरी, उगाच. मी सुई धरायची, त्याने स्क्रू फिरवायचा, चहा व्हायचा. यजमान गेल्यापासून ठरल्या वाराला माझ्याकडे येणारं दुसरं कोणी नव्हतं.

२०२३ च्या १४ ऑगस्टला तो आला आणि म्हणाला, "आक्का, जाड तार दबल्यावानी वाटतीय. वाटती का न्हाय?"

त्याने वाजवून दाखवली. मला चारही सारख्या वाटल्या. पण मोटारीच्या पोटातलं बेअरिंग ओळखणारा त्याचा कान, आणि माझा साठ वर्षांपूर्वी पियानोवर बसलेला. मी म्हटलं, "असेल." आम्ही पट्टी जाड बाजूने वर घेतली. दहाची सुई जाईना, अकराची गेली. त्या दिवशीची नोंद अशी आहे, "जाड ११, बारीक १३. मला चारही सारख्या वाटल्या होत्या." एवढं लिहून मी पान उलटलं.

नवरात्र संपल्यावर पुन्हा गिटार घेऊन आला. जाड १२. डिसेंबरात जाड १३. त्या वेळी तो म्हणाला की डाव्या कानात कधीकधी पंखा फिरल्यासारखं घुमतं, स्पीकरजवळ उभं राहून राहून होत असेल.

शिवकन्या त्याच्याबरोबर आली होती. ती म्हणाली, "ह्यांचं काय सांगू आक्का! माझं सगळं ऐकू येतंय, शेजारणीशी कुजबुजलं तरी. अन् दारात उसाचा ट्रॅक्टर येऊन हुबा राहिला तर पत्ता न्हाय. परवा ड्रायव्हर शिव्या देत व्हता, तवा कुठं ह्ये बाजूला झालं."

"तुझा आवाज ट्रॅक्टरापेक्षा मोठा हाय," तो म्हणाला.

आम्ही तिघंही हसलो.

फेब्रुवारीत पट्टी आणखी वर घेतल्यावर जाड तारेखाली चौदाची सुईसुद्धा गेली नाही. माझ्याकडे त्याहून बारीक सुई नव्हती. त्याने तार छेडली आणि मला पहिल्यांदा स्पष्ट ऐकू आलं, की ती सरळ वाजत नाही, थरथरते. चुंबक इतकं जवळ आलं होतं की ते तारेला ओढत होतं. कागदात तसं लिहिलेलंही होतं. बाकीच्या तीन तारांच्या मानाने तिचा आवाज अंगावर येत होता.

"आत्ता जरा बरी वाटतीय," रेवणसिद्ध म्हणाला.

तो गेल्यावर मी जुन्या नोंदी काढल्या. दहा, अकरा, बारा, तेरा, आणि आता चौदाही नाही. गिटार तीच, तारा त्याच कंपनीच्या. बदलला होता तो ऐकणारा. पुढच्या गुरुवारी मी हे सांगणार होते. पण तो आला तोच सांगत, की चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याच्या यात्रेत मोठा स्टेज मिळालाय, तिथे ज्याचं जमलं त्याला वर्षभर बोलावणी येतात, अमरसिंहने नवीन शर्ट शिवायला टाकलेत. त्याचा चेहरा पाहून मी ठरवलं की यात्रा होऊ दे, मग सांगू. हे जितकं त्याच्यासाठी होतं तितकंच माझ्यासाठी. गिटार सुटली तर गुरुवारही सुटणार होता.

यात्रेनंतर तिसऱ्या दिवशी अमरसिंह स्वतः माझ्याकडे आला. चप्पल काढून ओसरीवरच बसला.

"आक्का, तुमचं ऐकतोय तो. तुम्हीच सांगा त्याला. मी किती बोलू? पंधरा वर्षं बरोबर वाजवलंय. त्यानं जाड तारंला हात घातला की गाणाऱ्या पोरीचा सूर डुगडुगायला लागला. मी हातानं खूण केली, कमी कर म्हणून. त्याला वाटलं वाढव म्हणतोय. हसला अन् आणखी जोरात वाजवलं. लोक शिट्ट्या मारायला लागले. त्याला वाटलं, आवडलं!"

"आता काय करणार तुम्ही?"

"की-बोर्डवर डाव्या हातानं बेस काढतो मी. तेवढं भागतंय." मग उठता उठता म्हणाला, "मला त्याच्यासमोर जायचं तोंड न्हाय. नवा शर्ट त्याच्याकडंच राहू द्या."

मी रेवणसिद्धला सांगितलं. अमरसिंहचा निरोप आणि कानाचंही.  घरी जाऊन त्याने चालू मोटारीवर स्क्रू ड्रायव्हरचं टोक ठेवून त्याची मूठ कपाळाला लावली आणि म्हणाला, "गुरगुर हाताला लागती. कानात येत न्हाय." हे मला शिवकन्येने सांगितलं.

मेमध्ये आम्ही तिघं एसटीने सोलापूरला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्याला काचेच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावले, आवाज आला की बटण दाबायचं. बाहेरून आम्हाला तो दिसत होता. सुरुवातीला बटण भराभर दाबत होता. मग खालचे, खर्जाचे आवाज सुरू झाले असावेत. तो बटणावर अंगठा ठेवून बसून राहिला, समोर पाहत, कोणी हाक मारायची वाट पाहावी तसा.

डॉक्टरांनी विचारलं, "हे कधीपासून?"

"यात्रेपासून," रेवणसिद्ध म्हणाला.

"न्हाय हो, दिवाळीपासून," शिवकन्या म्हणाली. "ट्रॅक्टर ऐकू येत नव्हता."

मी पिशवीतून डायरी काढली आणि १४ ऑगस्टची नोंद वाचून दाखवली. मला चारही सारख्या वाटल्या होत्या, हे वाक्यही वाचलं. न वाचता आलं असतं, पण ते तिथे लिहिलेलं होतं.

डॉक्टरांनी बोटांवर महिने मोजले. मग म्हणाले, "नऊ महिने झाले. पहिल्या काही दिवसांत आणलं असतं तर औषध देऊन बघता आलं असतं. उपयोग झालाच असता असं नाही, पण बघता आलं असतं. आता उरलंय ते टिकतं का, तेवढंच बघू या. मशीनने रोजचे आवाज ऐकू येतील. वाद्याचं मी काही सांगू शकत नाही."

परतीच्या एसटीत शिवकन्येला झोप लागली. नळदुर्ग आलं. रेवणसिद्ध खिडकीतून बाहेर पाहतच म्हणाला, "आक्का, त्या दिशी तुमाला चारी सारख्या वाटल्या व्हत्या?"

"हो."

"मग तसं का म्हणला न्हाय?"

"मला वाटलं, तुझा कान माझ्यापेक्षा चांगला."

त्याने मान हलवली. "माझा कान माझ्याकडं व्हताच की, आक्का. म्या तुमच्या कानासाठी येत व्हतो."

मुरुम आल्यावर त्याने शिवकन्येला उठवलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, सोमवारी, तो गिटार घेऊन आला. उमरग्याच्या एका मंडळाने ती घ्यायचं ठरवलं होतं. "देण्याआधी नीट करून द्यायची," तो म्हणाला. "नवा मानूस म्हणायला नको, रेवणसिद्धची गिटार एका बाजूला कलती. तुमच्या कानानं लावा. मला काय वाटतंय ते इचारू नका."

मी सुया काढल्या. त्याने जाड बाजूचा स्क्रू फिरवून पट्टी खाली घेतली. चौदा गेली. तेरा, बारा, अकरा. दहा नंबरची सुई तारेखालून अलगद सरकली तेव्हा मी हात वर केला आणि तो थांबला. त्याने चार तारा एकामागून एक छेडल्या, जाडीपासून बारीकपर्यंत आणि परत. बोटांकडे पाहिलं नाही, माझ्या तोंडाकडे पाहत होता. जाड तारेची थरथर गेली होती. चारही आवाज एका उंचीवर आले होते, पाच वर्षांपूर्वी आले होते तसे.

"सारख्या आल्या का?"

"आल्या."

"खरं सांगा आक्का."

"खरंच आल्या."

त्याने जाड तार पुन्हा एकदा छेडली आणि गिटारीच्या लाकडावर हनुवटी टेकवली. तार थांबेपर्यंत तसाच बसला. मी खरं बोलते की नाही हे कळायला त्याच्याकडे आता काहीच नव्हतं. मग त्याने गिटार पेटीत ठेवली. "लिवा तुमच्या डायरीत," म्हणाला. मी त्याच्यासमोरच लिहिलं. जाड १०, बारीक १३. चहाला नको म्हणाला.

त्यानंतर तो आलेला नाही. गुरुलिंग यांच्या दुकानात मागच्या बाजूला बसून तार गुंडाळतो. मोटार चालू करून तपासायचं काम आता दुसरे कारागीर करतात. कानाचं मशीन आणलंय, पण दुकानात लावत नाही, असं शिवकन्या सांगते. घरात तिच्याशी बोलतो, तेही कमी.

आमच्या मोटारीचं मागचं बेअरिंग गेल्या महिन्यापासून आवाज करतंय. आता तो आवाज मलाही ऐकू येतो. दुकानात अजून मी निरोप धाडलेला नाही.