बहिणी म्हणजे घर नव्हे?

ह्युऑन नदीकाठच्या आमच्या गावात मर्ल आणि ऑल्विन ड्रान्सफिल्ड या बहिणींची नावं कुणी वेगवेगळी घेतच नाही. दोघींनी जन्मभर सफरचंदं तोडली, पेट्यांत भरली. लग्न एकीनंही केलं नाही. वडिलांच्या लाकडी घरात दोघींचा स्वयंपाक एकत्र, भांडणंही एकत्रच. म्हातारपणी ऑल्विनचं हृदय कुरकुरू लागलं आणि मर्लला मधुमेह जडला. दोघींची औषधं माझ्याच दुकानातून जातात.

आमच्याकडे औषधाच्या किमतीतला मोठा भाग सरकार सोसतं, थोडा वाटा रुग्णानं द्यायचा. वर्षभरात सगळ्या घराचे वाटे मिळून ठरलेल्या रकमेला पोचले, की पेन्शनवाल्यांना उरलेलं वर्ष औषधं फुकट.

एका ऑगस्टमध्ये मर्लनं विचारलं, "पोरी, आम्हा दोघींचं मिळून आता पुरं झालं असेल ना गं?"

"नाही हो मर्ल. तुमचं वेगळं, ऑल्विनचं वेगळं. नवरा-बायको, जोडीदार आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली मुलं, एवढंच घर धरतात."

"आमच्या पलीकडच्या केविननं मार्चमध्ये बाई आणलीय. त्यांचं घर?"

"ते धरतात."

"आणि आम्ही जन्मल्यापासून एका छपराखाली, ते नाही?"

रांगेतलं कुणी हळूच म्हणालं, "जोडीदार म्हणून लिहून टाका की. कोण बघायला येतंय?"

मर्ल गर्रकन वळली. "खोटं का लिहू? मी तिची बहीण आहे. बहीण म्हणूनच मागणार."

सरकारी कचेरीत तिनं माझ्या काउंटरवरूनच फोन लावला. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं, तशी ही कडाडली, "लग्न नाही झालेलं, बाळा! पण आमची भांडणं ऐकशील तर झालंय असंच वाटेल तुला!" मला हसू आवरेना. उत्तर मात्र नकाराचंच आलं.

ऑक्टोबरात खासदार गावच्या हॉलमध्ये लोकांना भेटायला आले. मर्लनं ऑल्विनचा हात धरून तिला थेट पुढे नेलं आणि सगळं सांगितलं.

"बाई, नियमात कुटुंब म्हणजे..."

"नियम राहू दे बाजूला. ही बघ ऑल्विन. हिच्या तोंडावर सांग, ही माझ्या घरातली नाही म्हणून."

खासदार हातातल्या चहाच्या कपाकडे बघत राहिले. एरवी चारचौघांत तोंड न उघडणारी ऑल्विन म्हणाली, "चल मर्ल, बसू. त्याला कळलंय. फक्त म्हणवत नाहीये."

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. खासदारांनी वर विचारतो म्हणून शब्द दिला. नियम जिथल्या तिथं राहिला. ऑल्विनची औषधं नोव्हेंबरात फुकट झाली. मर्ल डिसेंबर संपेपर्यंत वाटा भरत राहिली.

तेव्हापासून दर जानेवारीत, नव्या वर्षाची मोजणी सुरू झाली की मर्ल दुकानात येते आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते, "आम्हा दोघींचं एकत्र धर."

मला नाही म्हणावंच लागतं. एकदा मी म्हटलं, "मर्ल, उत्तर माहीत असून कशाला विचारता?"

"त्यांना नाही म्हणायची सवय झालीय. मी विचारायची का सोडू?"

यंदा ती आली, तेव्हा तिच्या मागे लाकडाच्या वखारीतले दोघे म्हातारे भाऊ टोप्या हातात घेऊन उभे होते. त्यांनाही तेच विचारायचं होतं.